नानीचा अंगठा लागेना

चौथ्या केमोच्या दिवशी नानीचा अंगठा लागेना. नानी म्हणजे माझी चुलती, तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते, वय ६३, उभं आयुष्य द्राक्षबागेत गेलंय. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि आता मिरजेला केमो चालू आहे. एक दिवस सलाईनमधनं औषध, मग चौदा दिवस घरी गोळ्या, सात दिवस सुट्टी, परत तेच. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतनं सगळं फुकट होतंय म्हणून जमतंय, नाहीतर अर्धा एकर विकावा लागला असता हे मी उगाच म्हणत नाही, घरात तशी बोलणी सुरू झाली होती.

तर त्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही योजनेच्या काउंटरला. मुलगी चांगली होती, बोलायला गोड. पेशंट तोच आहे हे आधारवरनं बघायला ठशाचं मशीन असतं, म्हणाली मावशी अंगठा ठेवा. लाल लाईट. दुसरा ठेवा. लाल. हात पुसा, परत ठेवा. मग तर्जनी, मग मधलं बोट, डावा हात, उजवा हात, दहाच्या दहा बोटं झाली. मागं लाईन वाढत चाललेली. नानीनं पदरानं हात इतक्या वेळा पुसले की कातडीला चिरा पडून रक्त दिसायला लागलं. आणि ती माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "बाळा, म्या काय चोरी केलीया व्हय, हे मशीन मला वळखंना का झालंय?"

हे वाक्य डोक्यातनं जात नाही म्हणून हा ब्लॉग.

आता दोन गोष्टी आधी सांगतो. पहिली म्हणजे मी स्वतः तीन वर्षं, २०१७ ते २०२०, मिरजेतल्याच एका खासगी हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही, आणि हे हॉस्पिटल ते नव्हे) योजनेच्या डेस्कवर काम केलंय. पेशंटचे कागद गोळा करायचे, पोर्टलवर चढवायचे, मंजुरी मागायची, डिस्चार्जनंतर क्लेम टाकायचा, म्हणजे योजनेकडं हॉस्पिटलचे पैसे मागायचे. त्यामुळं काउंटरच्या त्या बाजूला बसलेल्या मुलीचा मला राग आला नाही. तिच्या जागी मी होतो. दुसरी गोष्ट, मी बायोमेट्रिकच्या, म्हणजे ठशावरनं, बुबुळावरनं ओळख पटवण्याच्या विरोधात नाही. उलट ते का पाहिजे हे मी डोळ्यानं बघितलंय, ते आधी सांगतो आणि मग परत नानीकडं येतो.

आमच्याकडं एकदा रात्री दीडच्या सुमाराला जत तालुक्यातला एक माणूस आला, छातीत कळ, घामाघूम. ईसीजीत अटॅक दिसत होता. त्याच्या भावानं रेशनकार्ड दिलं, मी नंबर टाकला तर पोर्टलवर आधीची नोंद आली, तीन-चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका हॉस्पिटलात अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात ती जाळीची नळी). मी पळत जाऊन डॉक्टरांना सांगितलं की सर याला आधीचे दोन स्टेंट आहेत. डॉक्टरांनी भावाला विचारलं, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत, बंद कधी केल्या. भाऊ गप्प. डॉक्टरांना वाटलं गोळ्या बंद केल्यामुळं जुना स्टेंटच ब्लॉक झालाय, त्या हिशोबानं तयारी सुरू झाली. कॅथलॅबमध्ये घेतलं, रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून डाय सोडला आणि डॉक्टर स्क्रीनवर स्टेंट शोधतायत. स्टेंट नाहीच. एकही नाही. कधी बसवलाच नव्हता.

झालं होतं असं की स्टेंट बसवला होता त्याच्या साडूला. साडू पलीकडचा, कर्नाटकातला, अथणीच्या बाजूचा. इकडचं रेशनकार्ड नाही म्हणून इकडची योजना नाही, आणि उपचार तर मिरजेलाच घ्यायचे, कारण त्या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या मिरजेलाच येतात, मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ ला इथं दवाखाना काढला तेव्हापासून. बायकोच्या बहिणीचा नवरा मरायला टेकलाय म्हटल्यावर यानं आपलं कार्ड दिलं. त्या वेळी रेशनकार्ड आणि एक फोटोचं ओळखपत्र एवढ्यावर भागायचं. मतदान कार्डावरचा तो काळापांढरा फोटो, दोघांनाही मिशा, दोघांच्याही डोक्यावर टोपी, कोण ओळखणार.

जीव वाचला त्याचा, डॉक्टर हुशार होते. पण क्लेम अडकला. कारण पोर्टल म्हणतंय आधीचे स्टेंट आहेत आणि आमची अँजिओग्राफीची सीडी म्हणतेय नाहीत. योजनेकडनं क्वेरीवर क्वेरी. तो बरा होऊन बसला तेव्हा मी त्याला विचारलं असं का केलं ओ. तो म्हणाला, "साडूला न्हाई कसं म्हणायचं साहेब? माझी बायको माझ्या तोंडाकडं बघत उभी होती." यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही.

पण त्या रात्री मला कळलं की दुसऱ्याच्या कार्डावर उपचार घेणं म्हणजे नुसता सरकारी पैशाचा प्रश्न नाही, ज्याचं कार्ड त्याच्या अंगात भलत्याच माणसाचा आजार जाऊन बसतो. रक्तगट, ऍलर्जी, आधीची ऑपरेशनं, सगळं दुसऱ्याचं. आणि वर्षाची जी रक्कम कुटुंबाला ठरलेली असते तीही तेवढी कमी होते. मंजुरीच्या वेळी अंगठा घेतला असता तर साडूचा अंगठा जुळलाच नसता आणि हे झालं नसतं. (साडूचं काय झालं असतं हा प्रश्न राहतोच, आणि त्याचं उत्तर मशीनकडं मागून उपयोग नाही, ते दोन राज्यांनी बसून द्यायचं उत्तर आहे.)

आता हे मशीन नेमकं करतं काय, कारण लोकांच्या डोक्यात याबद्दल बराच गोंधळ असतो. लोकांना वाटतं आपण बोट ठेवलं की मशीन देशातल्या सगळ्यांमधनं आपल्याला शोधून काढतं. तसं नाही. काउंटरवर आधी आधार नंबर टाकतात, मग बोट ठेवतात, आणि नोंदणीच्या वेळी आपले जे दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळं आणि चेहऱ्याचा फोटो घेतलाय त्यातल्या त्या एकाच नंबरच्या ठशाशी तुलना होते. हा माणूस तोच आहे का, एवढाच प्रश्न. उत्तर हो किंवा नाही. बोटावरच्या रेषा कुठं संपतात, कुठं फुटतात, असे बिंदू जुळवून ते ठरवतात. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आधारवाल्यांनी त्यात आणखी एक तपासणी घातली, बोट जिवंत माणसाचं आहे की सिलिकॉनचा नकली ठसा आहे हे बघायची, कारण बँकेच्या आधार व्यवहारात तसे ठसे बनवून लोकांचे पैसे काढल्याची प्रकरणं झाली होती.

म्हणजे मशीनचं 'नाही' याचे दोन अर्थ होतात. एक, समोरचा दुसराच माणूस आहे. दोन, माणूस तोच आहे पण बोट पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मशीनला या दोन्हीतला फरक कळत नाही. लाल लाईट एकच.

आणि आमच्या भागात बोटं पूर्वीसारखी राहतात कुणाची? द्राक्षाची विरळणी करणाऱ्या बायका महिनोन् महिने घड हातात धरून कात्री चालवतात, डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवताना, औषधाच्या पाण्यात हात. हळद शिजवणारे, पॉलिश करणारे. सीझनला बीडकडनं येणारे ऊसतोड कामगार, त्यांचे हात कधी हातात घेऊन बघा, रेषा म्हणून काही उरलेलंच नसतं, नुसते घट्टे. गवंडी, सिमेंटनं खाल्लेली बोटं. म्हातारपणी कातडीच पातळ आणि कोरडी होते ते वेगळंच. योजना नेमक्या ज्या माणसांसाठी आहे त्याच माणसांची बोटं मशीनला लवकर लागत नाहीत. माझ्या डेस्कवर तर हे रोजचं होतं. थोडं व्हॅसलीन लावायचं, पुसायचं, हात कोमट करायला चहाचा कप धरायला द्यायचा, असले उपाय आम्ही करायचो आणि बऱ्याचदा जमायचं.

पण नानीचं कारण वेगळं होतं आणि ते मलाही माहीत नव्हतं. तिच्या ज्या गोळ्या चालू आहेत, कॅपेसिटाबिन, त्यानं हातापायाचे तळवे लाल होतात, आग होते, कातडी सोलते. डॉक्टर त्याला हँड फूट सिंड्रोम म्हणतात. आणि जास्त दिवस झाले की काही पेशंटच्या बोटांचे ठसेच पुसले जातात! २००९ मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की त्यांचा एक पेशंट, साठीतला माणूस, हीच गोळी खाणारा, अमेरिकेला नातेवाइकांकडं गेला तर विमानतळावर चार तास अडकवून ठेवला, कारण बोटांना ठसेच नाहीत. शेवटी हा धोकादायक माणूस नाही म्हणून सोडला आणि पुढच्या वेळी येताना डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ये म्हणाले.

म्हणजे बघा, योजनाच गोळी देते, गोळी ठसे पुसते, आणि योजनाच ठसा मागते. हे कुणाच्या वाईट हेतूनं झालेलं नाही हे मला मान्य आहे. पण कॅन्सरच्या वॉर्डातल्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की नाही? त्या मुलीला माहीत नव्हतं. मी तीन वर्षं काम करून मलाही माहीत नव्हतं. नानीच्या डॉक्टरांना माहीत होतं, पण ते ओपीडीत आणि मशीन तळमजल्यावर.

बरं, बोटाला पर्याय नाही असं नाही. बुबुळ आहे, चेहरा आहे, मोबाईलवर ओटीपी आहे. त्या मुलीनं प्रयत्न केले. बुबुळाचं मशीन कपाटात होतं, कॉम्प्युटर बदलल्यापासून ते जोडलेलंच नव्हतं. मग चेहरा, मोबाईलवरच्या ॲपमधनं. ते ॲप डोळे मिटायला उघडायला सांगतं, माणूस जिवंत आहे आणि नुसता फोटो धरलेला नाही हे कळावं म्हणून. नानीला काय ते कळेना, मी शेजारनं सांगतोय नानी डोळं मिट, उघड, ती नेमकी माझ्याकडं वळून मिटायची. दोन-तीन वेळा खिडकीपाशी उजेडात नेऊन केलं. जुळलं नाही. आधारवरचा फोटो बारा-तेरा वर्षांपूर्वीचा, तेव्हा गाल होते, आता आजारानं हनुवटी आणि डोळे एवढेच राहिलेत.

राहिला ओटीपी. नानीच्या आधारला नंबर जोडलेला तिच्या पोराचा, पक्याचा. पक्या चाकणला कंपनीत, पहिली शिफ्ट, फोन लॉकरमध्ये. त्याला जेवणाची सुट्टी होईपर्यंत आम्ही बाकड्यावर बसून. नानी तोपर्यंत उपाशी, कारण तिला वाटलं आता केमो होणारच नाही तर डबा कशाला सोडायचा. तिला थंड पाण्याला हात लावला की मुंग्या येतात, सलाईनमधल्या औषधामुळं, म्हणून मी कॅन्टीनमधनं कोमट पाणी आणून दिलं तर ती बाटली दोन्ही हातात धरून बोटांकडं बघत बसलेली. एवढी वर्षं घड धरलेली बोटं.

त्या बाकड्यावर बसून मला माझ्याच डेस्कवरची एक गोष्ट आठवत होती, आणि ती लिहायला मला जड जातंय. पण लिहितो, कारण त्याशिवाय ही पोस्ट खोटी होईल.

आमच्याकडं एकदा एक शेतमजूर ऍडमिट होता, न्यूमोनिया, बरा होत आला होता. जनरल वॉर्डात. ओळख वगैरे एकदम पक्की, ठसा पहिल्या झटक्यात जुळलेला. तर मला वरनं सांगितलं गेलं की याचा बेडवरचा फोटो काढून आण. मी गेलो तर नर्सनं त्याला आयसीयूच्या रिकाम्या बेडवर झोपवलं, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला, मॉनिटर चालू केला, मी फोटो काढला, मास्क काढला, तो उठून आपल्या पायानं चालत परत वॉर्डात गेला. क्लेम आयसीयूचा गेला, पाच दिवसांचा. मीच चढवला. डिस्चार्जच्या कागदावर त्यानं परत अंगठा दिला आणि मला हात जोडून गेला, साहेब तुमच्यामुळं एक रुपया लागला नाही म्हणाला. मी दोन महिन्यांनी नोकरी सोडली. लगेच सोडली असती तर बरं झालं असतं.

आता मला सांगा यात अंगठ्यानं काय पकडलं? माणूस खरा, ठसा खरा, आजार खरा. खोटं होतं ते बिल. साडूच्या मदतीला धावणारा माणूस अंगठ्यानं पकडला जातो, आणि आयसीयूचे खोटे पाच दिवस त्याच अंगठ्याच्या जोरावर पास होतात, उलट ठसा जुळलेला असल्यामुळं क्लेम जास्त पक्का दिसतो. नको असलेलं ऑपरेशन, साध्या आजाराला मोठं पॅकेज (योजनेनं उपचाराला ठरवून दिलेली रक्कम), एक दिवसाचे तीन दिवस, हे सगळं खऱ्या माणसाच्या खऱ्या ठशावर होतं.

आपल्याकडं अंगठ्याचा आणि फसवणुकीचा संबंध तसा जुना आहे. बंगालात हुगळीचा मॅजिस्ट्रेट होता विल्यम हर्शेल, त्यानं १८७७ मध्ये पेन्शनवाल्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण पेन्शन घेणारा मेला तरी त्याच्या नावानं दुसराच कुणीतरी येऊन पैसे उचलायचा. म्हणजे मयत माणसाच्या नावावर लाभ, हा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे! आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७५ ला, आपल्या पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जरोखे जाळले होते. रोख्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, निशाणी मात्र त्यांची होती. निशाणी खरी आणि मजकूर खोटा. माझा पणजोबा असाच एका कागदावर अंगठा देऊन विहिरीजवळचा तुकडा घालवून बसला होता असं आजी सांगायची, त्यामुळं आमच्या घरात अंगठा द्यायचा म्हटलं की म्हातारी माणसं अजून दोन मिनिटं थांबतात. मला लहानपणी हे मागासलेपणाचं वाटायचं.

योजनांचं बघितलं तर २००८ ला केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली तेव्हाच स्मार्ट कार्ड आणि ठसे होते, कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपये. आपल्या राज्याची जीवनदायी (तीच पुढं फुले योजना झाली) आधी २०१२ ला आठ जिल्ह्यांत आणि मग नोव्हेंबर २०१३ ला आपल्याकडं आली, तेव्हा दीड लाख होते. आता फुले योजना आणि केंद्राची आयुष्मान एकत्र करून पाच लाख, आणि सगळ्या रंगाच्या रेशनकार्डांना. रक्कम वाढली तसा हात मारणाऱ्यांचा मोहही वाढणार हे उघड आहे, म्हणून तपासणी पाहिजेच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांचा, आयुष्मानवरचा अहवाल संसदेत आला तो आठवत असेल, ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल नंबरवर जवळपास साडेसात लाख लाभार्थी नोंदवलेले निघाले. आधी मयत दाखवलेल्या ३,४४६ पेशंटच्या उपचारापोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिल्याचंही त्यात होतं. सरकारनं खुलासा केला की मोबाईल नंबरवरनं ओळख पटवतच नाहीत, तो नुसता संपर्कासाठी असतो. आणि एकच पेशंट एकाच वेळी दोन हॉस्पिटलात दिसल्याचंही अहवालात होतं, पण त्यामागं काही ठिकाणी नवं जन्मलेलं बाळ असतं, आई एकीकडं आणि बाळ काचेच्या पेटीत दुसरीकडं, बाळाचा उपचार आईच्या कार्डावर. हे मी स्वतः केलंय, त्यात खोटं काही नसतं. पाच वर्षांच्या आतल्या पोराचे ठसे आधारला घेतच नाहीत. पण तो दहा वेळा नऊचा नंबर बघून मला माझ्या डेस्कवरची घाई आठवली, नंबर नाही तर काहीतरी टाक आणि पुढं चल. ओटीपी हाच शेवटचा पर्याय उरणार असेल तर तो नंबर नुसता संपर्काचा राहत नाही ना. नानीला त्या दिवशी पक्याचा नंबर खरा असल्यामुळंच केमो मिळाली.

मला जे म्हणायचंय ते असं की अंगठा जरूर घ्या, ऍडमिटला घ्या, डिस्चार्जला घ्या, पण तो देणाऱ्याला कशावर देतोय ते वाचून दाखवा. कुठलं पॅकेज, किती दिवस, किती रुपये. मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि वाचता येत नसेल तर तोंडानं. माझा तो शेतमजूर अडाणी होता पण आपण आयसीयूत पाच दिवस नव्हतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्याला कुणी विचारलं असतं तर तो खोटं बोलला नसता. फसवणूक पकडायला सगळ्यात स्वस्त साक्षीदार बेडवर झोपलेला असतो आणि आपण त्याच्याकडनं फक्त बोट मागतो.

आणि लाल लाईट लागला की माणूस चोर नाही, पुढचा मार्ग शोधायचाय, हे काउंटरवर बसणाऱ्याला पाठ पाहिजे. आधारवाल्यांनी स्वतःच ऑक्टोबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून सांगितलंय की ठसा जुळला नाही म्हणून योजनेचा लाभ नाकारायचा नाही, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवायची आणि तशी नोंद ठेवायची. इमर्जन्सीत तर आधी ऍडमिट करून फोनवर मंजुरी घ्यायची सोय आहे. हे नियम कागदावर चांगले आहेत, पण लाईनमध्ये उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला ते कोण सांगणार? म्हणून ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांनी एवढं करा, आधारला जोडलेला नंबर कुणाचा आहे आणि तो फोन त्या दिवशी कुणाच्या हातात असणार हे आदल्या रात्री बघा. म्हाताऱ्या माणसांचे ठसे आणि फोटो आधार केंद्रावर जाऊन नवे करून घ्या, पोरांचे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी करायचेच असतात. आधारच्या ॲपमधनं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं असेल (ठेवावंच, बँकेच्या फ्रॉडसाठी चांगलं आहे) तर हॉस्पिटलला जाताना अनलॉक करा, नाहीतर चांगलं बोटही लागत नाही. कॅपेसिटाबिन चालू असेल तर डॉक्टरांकडनं बोटांबद्दल चिठ्ठी घ्या. आणि कुणी अडवलं, पैसे मागितले तर १४५५५ ला फोन लावा, टोल फ्री आहे, तिथंच काउंटरसमोर उभं राहून लावा.

असो. सव्वा एकला पक्याचा फोन आला, आई काय झालं म्हणून घाबरलेला. ओटीपी आला, सहा आकडे त्यानं तिकडनं ओरडून सांगितले, मी इकडं त्या मुलीला सांगितले, हिरवा टिक आला. दोनला सलाईन लागलं. पाचच्या पुढं संपलं. नानीला झोप लागली होती.

जाताना डिस्चार्जच्या वेळी परत ओळख पटवायची म्हणाली ती मुलगी, तर मी म्हटलं थांबा, कागद आधी द्या. तिनं दिला. मी नानीच्या शेजारी बसून एकेक ओळ वाचून दाखवली, नाव, वय, आजार, औषध किती मिलिग्रॅम, किती तास, किती रुपये. नानी मान हलवत ऐकत होती. रकमेपाशी थांबून म्हणाली, "एवढं पडतंय व्हय एका दिसाचं?" मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "बरोबर हाय. लाव त्या पक्याला फोन."

त्या मुलीनं निघताना मला बाजूला घेऊन विचारलं की दादा त्या गोळीचं नाव काय म्हणालात, बोटांचं. तिनं ते काउंटरवरच्या वहीत पहिल्या पानावर लिहून घेतलं.

पुढची केमो एकवीस दिवसांनी. नानीनं बोटांना क्रीम लावायला सुरुवात केलीय, डॉक्टरांनी लिहून दिलंय ते, आणि पक्यानं शिफ्ट बदलून घेतलीय.